थार सीआरडीईचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला, ओतीवच घालू की स्टेनलेसचा बनवून घेऊ?

आंबेवाला_गुहागर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज स्वतःची अडचण घेऊन आलोय, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकलाय, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून टर्बोला (त्या धुराने फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) देणारा भाग. गाडी महिंद्राची डिझेल थार सीआरडीई, २०१४ ची, २४९८ सीसीचं १०५ बीएचपीवालं इंजिन. मी दुसरा मालक, १ लाख ३८ हजार किमी झालेत. आमची बाग डोंगराच्या पोटात आहे, मधे एक पऱ्या (ओढा) लागतो, पावसात लो गिअर टाकल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही, आणि एप्रिल-मे मधे पेट्या भरून कुंभार्ली घाट चढून कराडला जायचं असतं. म्हणजे गाडी रोजची कामाची आहे, शोसाठी नाही.

दोनेक महिन्यांपूर्वी सकाळी थंड इंजिन चालू केलं की टक टक टक असा आवाज यायला लागला, मला वाटलं टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) असतील, पाच-सात मिनिटांत आपोआप बंद व्हायचा म्हणून सोडून दिलं. मग घाटात पिकअप मार खायला लागला, धूर काळा, केबिनमधे जळका वास. परवा वरचं पत्र्याचं शील्ड काढलं तर ३ आणि ४ नंबर पोर्टच्या मधे मॅनिफोल्डला केसासारखी चीर, आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना काजळी अशी पसरलीय की कोणी काळ्या खडूने पीस काढलंय असं वाटतं.

आता तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. चिपळूणचा मेकॅनिक म्हणतो वेल्डिंग मारून देतो, दोन तासांचं काम. पुण्यातला एक फॅब्रिकेटर म्हणतो ओतीव मॅनिफोल्ड म्हणजे जुनी पद्धत, स्टेनलेसचा पायपांचा बनवून घ्या, १५-२० हॉर्सपॉवर वाढेल आणि टर्बो लवकर लागेल, पण पैसे कंपनीच्या पार्टच्या जवळजवळ तिप्पट. आणि पार्टच्या दुकानातला म्हणतो बिनब्रँडचा ओतीव घ्या, अर्ध्या किमतीत मिळतो. पैसे एकदाच घालायचेत आणि पेट्यांचा सीझन चालू व्हायच्या आत गाडी उभी राहायला हवी. कोणता घेऊ?

सह्याद्री_फोरबायफोर

दादा, कोणता घ्यायचा हे नंतर, आधी हा का तडकला ते शोधा, नाहीतर कुठलाही घातलात तरी तोही तडकणार. १ लाख ३८ हजारला बीड (ओतीव लोखंड) थकू शकतं हे मान्य, पण ३-४ च्या मधेच चीर गेली म्हणजे तिथे काहीतरी ओढ बसत होती.

टर्बो मॅनिफोल्डला लटकलेला असतो हे लक्षात घ्या. टर्बो, त्याच्या खालचा एल्बो, पुढचा सायलेन्सरचा पाईप असं सगळं वजन, आणि गाडी दगडांवरून जाते तेव्हा ते वजन झोके घेतं. म्हणून खालून आधाराचा ब्रॅकेट असतो, आणि क्लच किंवा स्टार्टरचं काम करताना आडवा येतो म्हणून गॅरेजवाले तो काढतात आणि परत लावतच नाहीत. तुमच्याकडे तो आहे का बघा. सायलेन्सरचे रबरी हँगर तुटलेत का तेही बघा, आणि इंजिन माउंटिंग बसलेत का, कारण इंजिन हलतं आणि पाईप हलत नाही असं झालं की सगळी ओढ मॅनिफोल्डच्या गळ्यात येते. पाईपमधला जाळीचा लवचिक तुकडा कोणी कापून सरळ पाईप वेल्ड केलाय का हे पण बघा, हे फार गाड्यांत केलेलं असतं.

आणि आवाजाचं म्हणाल तर तुम्ही जे सांगितलं ते लीकेजचं अगदी बरोबर लक्षण आहे, थंड असताना फट उघडी, धातू तापून फुगला की फट मिटते आणि आवाज बंद. टॅपेटचा आवाज असा वागत नाही. पिकअप गेला कारण टर्बोला फिरवणारा गॅस टर्बोच्या आधीच बाहेर पडतोय, मग बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) कमी, हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून काळा धूर.

एक विचारायचं राहिलं, आधीच्या मालकाने ट्यूनिंग बॉक्स वगैरे लावलाय का? डिझेलमधे डिझेल वाढवलं की एक्झॉस्टचं तापमान वाढतं, घाटात लोड घेऊन चढताना ते फार वर जातं.

ओतारी_कोल्हापूर

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, वीस एक वर्षं झाली, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

भावा, पहिलं म्हणजे ओतीव म्हणजे जुनी पद्धत हे डोक्यातनं काढून टाक. बीडमधेही प्रकार आहेत. साधं ग्रे आयर्न असतं, त्यात कार्बन पापुद्र्यासारखा असतो, त्या पापुद्र्याच्या टोकाला चीर सुरू होते. डक्टाइल म्हणजे एसजी आयर्नमधे तोच कार्बन गोळ्यांसारखा असतो, ते ताण सोसतं. आणि मॅनिफोल्डसाठी त्याच एसजीत सिलिकॉन वाढवतात, ४ टक्क्यांच्या आसपास, आणि थोडं मॉलिब्डेनम घालतात, त्याला आम्ही सिमो म्हणतो. हे ८०० डिग्रीच्या आसपासपर्यंत तग धरतं, साधं ग्रे आयर्न त्याच्या कितीतरी आधी फुगायला आणि भेगाळायला लागतं. डिझेलला टर्बोच्या आधी साधारण ७०० च्या आत राहिलं तर बरं असतं, म्हणजे चांगलं सिमो असेल तर तुझ्या गाडीला ते पुरून उरतं.

आता अडचण अशी की बिनब्रँडचा पार्ट बघून तो ग्रे आहे की एसजी हे बाहेरनं कळत नाही. वाजवून बघ, दोरीला टांगून छोट्या हातोडीने टिचकी मारायची, एसजी घंटेसारखं लांबत वाजतं, ग्रे ठक्क करून थांबतं. शंभर टक्के नाही पण अंदाज येतो. दुसरं, फ्लँजच्या (बोल्ट बसतात त्या चपट्या तोंडाच्या) कडेने आणि पोर्टच्या तोंडाशी जाडी बघ, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर ओतताना कोअर सरकलाय, पातळ बाजूने तो फाटणार. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आतून बोट फिरव आणि उलटा करून आपट. आतली पोकळी वाळूच्या कोअरने बनते, ती वाळू नीट झाडलेली नसली तर कण आत चिकटून राहतात, इंजिन तापलं की सुटतात आणि थेट टर्बाइनच्या पंख्यावर. तो पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, एक खडा गेला तर मॅनिफोल्डात वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट टर्बोत जातात. कधी कोअरमधली बारीक तारही राहिलेली असते.

वेल्डिंगचं सांगतो. बीडचं वेल्डिंग होतं, होत नाही असं नाही. पण निकेलचा रॉड पाहिजे, आधी पूर्ण पीस तापवायला पाहिजे, चिरेच्या दोन्ही टोकांना ड्रिलने भोक मारायला पाहिजे म्हणजे चीर पुढे पळत नाही, आणि झाल्यावर चुन्यात किंवा राखेत पुरून रात्रभर सावकाश गार करायचा. दोन तासांत देतो म्हणणारा यातलं काही करणार नाही. घाईत गार झालं की वेल्डच्या शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते आणि पहिल्या घाटात तिथूनच परत फुटतो. सीझन काढायला तात्पुरतं ठीक, कायमचं नाही.

बोलेरोवाला_नाशिक

मी स्टेनलेसचा बनवून घेतला होता म्हणून लिहितो, माझी गाडी वेगळी पण काम तेच. दिसायला एक नंबर, सोनेरी-निळे रंग चढलेले, लोक बॉनेट उघडून बघायचे. सातव्या महिन्यात कलेक्टरपाशी, जिथे चारही पाईप टर्बोच्या फ्लँजला येऊन मिळतात, तिथे वेल्डच्या कडेने फुटला. परत वेल्ड केला, परत फुटला, शेवटी काढून जुना ओतीवच बसवला. ज्याने बनवला त्याचं वेल्डिंग वाईट नव्हतं, पण पाईप दीड मिमीचा होता आणि मटेरियल ३०४ नावाचं स्टेनलेस.

नंतर एका इंजिनीअर मित्राने कागदावर गणित करून दाखवलं ते इथे देतो. मॅनिफोल्ड पहिल्या पोर्टपासून शेवटच्या पोर्टपर्यंत समजा ४० सेंमी धरला आणि तो ६०० डिग्रीने तापला, तर बीड जवळपास ३ मिमी लांब होतं आणि ३०४ स्टेनलेस ४ मिमीच्या वर. पण ज्या हेडला (सिलिंडरांवरचं झाकण) तो आवळलेला आहे ते हेड कूलंटमुळे शंभरच्या आसपासच राहतं, ते जेमतेम अर्धा-पाऊण मिमी वाढतं. मग हे उरलेले अडीच ते साडेतीन मिमी जाणार कुठे? म्हणून चांगल्या ओतीव मॅनिफोल्डची टोकाची भोकं स्टडपेक्षा (हेडमधे रोवलेले आट्यांचे दांडे) मोठी किंवा लांबट असतात, तो गॅसकेटवर (मधलं पातळ पॅकिंग) सरकतो आणि गार झाला की परत येतो. माझ्या स्टेनलेसवाल्याने सगळी भोकं अगदी घट्ट मापात मारली होती, मला तेव्हा ते सफाईचं काम वाटलं होतं.

हॉर्सपॉवरचं म्हणाल तर मला काहीच जाणवलं नाही. वास्तविक टर्बो थोडा उशिराच लागायचा, पातळ पायपातून उष्णता बॉनेटखाली निघून जायची आणि बॅटरीजवळची वायरिंग कडक झाली ते वेगळंच.

सह्याद्री_फोरबायफोर

नाशिकवाल्या भाऊंचं बरोबर आहे आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पेट्रोल रेसिंग गाडीला लांब सारखे पाईप लागतात कारण ती सहा-सात हजार आरपीएमला पळते. आपलं इंजिन ३८०० ला पूर्ण पॉवर देतं आणि टॉर्क १८०० ते २००० ला येतो, २४७ एनएम. चढावर आपण पंधराशे ते अडीच हजारात काम करतो. तिथे टर्बोला लागतो गरम गॅस आणि प्रत्येक सिलिंडरचा धक्का ताजा असताना मिळायला हवा, म्हणजे रस्ता आखूड, पोकळी छोटी, भिंत जाड. ओतीव मॅनिफोल्ड नेमकं हेच देतो. पाईप मोठा आणि लांब केला की तो गॅस पसरतो, गार होतो, आणि टर्बो लागायला वेळ जातो.

फॅब्रिकेटर कदाचित १-४ आणि २-३ अशा जोड्या वेगळ्या ठेवायचं सांगेल, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे तशा जोड्या केल्या की एका सिलिंडरचा धक्का दुसऱ्याला आडवा येत नाही, हे शास्त्र खरंच आहे. पण त्याचा खरा उपयोग टर्बोच्या हाउसिंगला आतून दोन वेगळे रस्ते असतील तेव्हा. एकाच तोंडाच्या टर्बोला जोड्या करून शेवटी एकाच भोकात आणायच्या तर पैसे देऊन मिळणार फार थोडं.

अजून एक, तुमच्या मॅनिफोल्डवर ईजीआरचं, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेचं, तोंड आहे. बनवून देणारे बरेचदा ते बंद करूनच देतात. मग चेक इंजिनचा दिवा, पीयूसीचा प्रश्न, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत फेरफार हा विषय आहेच. गाडी कामाची आहे, रस्त्यात अडवून घ्यायला नको.

पर्थकर

मी मूळचा साताऱ्याचा, आता पर्थला असतो, माझ्याकडे निसान पॅट्रोल गाडी आहे, ४.२ लिटरचं सहा सिलिंडर टीडी४२ डिझेल इंजिन. इथे पायपांचे मॅनिफोल्ड खूप वापरतात, पण का वापरतात ते सांगतो म्हणजे तुमचा गोंधळ कमी होईल. इथे लोक मूळ टर्बो काढून मोठा टर्बो बसवतात, नाहीतर मुळात टर्बो नसलेल्या इंजिनला टर्बो लावतात, तेव्हा टर्बो कुठे बसवायचा हाच प्रश्न असतो. वर बसवला तर हात पोचतो, चिखल-पाण्यापासून लांब राहतो, ऑइल परत जायच्या पाईपला चांगला उतार मिळतो, पण बॉनेट आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर भाजतो. अशा ठिकाणी बाजारात ओतीव मिळाला नाही तर बनवावा लागतो, आणि तोही पातळ चकचकीत पाईप घेऊन नाही. वाफेच्या लाइनला वापरतात तो जाड पाईप, शेड्यूल ४०, दीड इंचीला भिंत साडेतीन मिमीच्या वर येते. त्याच्याखाली जाड फ्लँज आणि टर्बोला वेगळा आधार. तो वजनाला ओतीवाइतकाच भरतो.

तुम्ही टर्बो बदलत नाही आहात, जागा बदलत नाही आहात, मग हे सगळं कशासाठी? माझं ऐकाल तर त्या पैशातून मॅनिफोल्डवर एक एक्झॉस्ट तापमानाचा प्रोब आणि डॅशवर मीटर बसवा, टर्बोच्या आधी. नवीन मॅनिफोल्ड गाडीला लावायच्या आधीच भोक मारा म्हणजे कीस टर्बोत जाणार नाही. मी तो बसवल्यावर माझी चालवायची सवयच बदलली, लोड घेऊन चढताना उंच गिअरमधे इंजिन कुंथत ठेवलं की काटा सरळ वर जातो, एक गिअर खाली घेतला की शंभर डिग्री खाली येतो. तुमच्या कुंभार्लीला हेच होत असणार.

आंबेवाला_गुहागर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी समजावून सांगितलं नव्हतं. काल दिवसभर गाडीखाली होतो.

सह्याद्री दादा, ब्रॅकेट नाही!! इंजिनच्या बाजूला दोन भोकं आहेत, आट्यांत नुसतं ग्रीस आणि माती, बोल्टच नाहीत. गाडी घेतल्यावर मी क्लच केलेला नाही, म्हणजे आधीच कधीतरी काढलाय. ट्यूनिंग बॉक्स नाही. लवचिक तुकडा आहे पण मागचा एक हँगर तुटलाय.

मॅनिफोल्ड काढताना शेवटचा स्टड तुटला, हेडच्या बरोबर आतमधे. काढलेल्या मॅनिफोल्डवर लेथवाल्याने सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घातला तर ४ नंबरच्या टोकाला ०.४० मिमीची पात आरामात जाते, म्हणजे तो तेवढा वाकलाय. चीर आतून बघितली तर बाहेर दिसते त्याच्या दुप्पट लांब आहे. हेडची बाजू मात्र सरळ आहे.

दोन पार्ट हातात घेऊन बघितले, बिनब्रँडचा आणि कंपनीचा. ओतारी भाऊ, तुम्ही सांगितलं तसं टांगून वाजवले, फरक आमच्या पोरालापण कळला. बिनब्रँडचा आपटला तर कागदावर चमचाभर वाळू पडली. कंपनीचा घेतला.

तुटलेल्या स्टडचं काय करू? चिपळूणवाला म्हणतो ड्रिल मारून मोठ्या मापाचा घालतो.

ओतारी_कोल्हापूर

मोठ्या मापाचा नको रे, घाई करू नकोस. ड्रिल तिरकं गेलं तर हेड खराब होईल. तुटलेल्या स्टडच्या तोंडावर वॉशर ठेवून वेल्डने थेंब चढवायचा, त्यावर नट ठेवून तो आतून भरून वेल्ड करायचा. वेल्डच्या उष्णतेने गंज सुटतो, लाल असताना नाही, जरा काळा पडला की पाना लावून आधी आवळल्यासारखं आणि मग सोडल्यासारखं, पुढे-मागे, पुढे-मागे. पहिला नट तुटला तर दुसरा लाव, तिसऱ्या-चौथ्याला निघतो बहुतेक वेळा. सगळेच स्टड नवीन घे, आणि नट एक्झॉस्टचेच घे, साधे लोखंडी घालू नकोस.

नवीन पार्ट आहे म्हणून सरळच असेल असं धरू नकोस, त्यालाही पट्टी लाव. गॅसकेट कोरडा बसवायचा, सिलिकॉनची ट्यूब जवळ आणायची नाही, ती जळते आणि तुकडे टर्बोत जातात.

बोलेरोवाला_नाशिक

आवळताना मधल्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे जायचं, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने, आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या. टोकाचे नट अंगात जोर आहे म्हणून जास्त आवळायचे नाहीत, ते सरकायला मोकळे पाहिजेत. आणि ब्रॅकेट सगळ्यात शेवटी, आधी बोल्ट हाताने लावा, तो जबरदस्तीने ओढून बसवावा लागत असेल तर कुठेतरी माप चुकलंय.

टर्बो काढलाच आहे तर पंख्याची टोकं बघून घ्या, शाफ्ट हाताने हलवून बघा, ऑइलच्या पाईपचे तांब्याचे वॉशर नवीन टाका आणि चालू करायच्या आधी टर्बोच्या ऑइलच्या भोकात थोडं स्वच्छ ऑइल ओता. मॅनिफोल्डला कापडी पट्टी गुंडाळू नका, तुमच्याकडे पाणी आहे, ती ओली राहते. पत्र्याचं शील्ड मात्र परत लावाच.

सह्याद्री_फोरबायफोर

आणि पाण्यावरनं आठवलं. घाटातून किंवा चढावरून तापलेली गाडी तशीच पऱ्यात घालता का तुम्ही? मॅनिफोल्ड पाच-सहाशे डिग्रीला असताना खालून गार पाण्याचा फवारा बसला तर ब्रॅकेट असूनही बीडला धक्का बसतो.

आंबेवाला_गुहागर

होय दादा, तसाच घालायचो. बागेतून खाली येताना नाही, पण चिपळूणहून परत येताना शेवटचा चढ संपला की लगेच पऱ्या आहे आणि घरी जायची घाई असते.

काम झालं. स्टड तिसऱ्या नटला निघाला. ब्रॅकेट भंगारातल्या एका थारचा मिळाला, बोल्ट नवीन. प्रोबचं भोक लेथवर मारून घेतलं, मीटर अजून आलेलं नाही म्हणून सध्या तिथे प्लग आहे. सकाळी थंड इंजिन चालू केलं तर टक टक नाही, नुसता इंजेक्टरचा बारीक आवाज, आमचे बाबा अंगणातून म्हणाले गाडी बदललीस का. काल चाळीस पेट्या घालून कुंभार्ली चढलो, तिसऱ्यातच ठेवली, धूर नाही, वास नाही. पाचशे किमीनंतर नट परत तपासणार आहे.

आणि पऱ्याच्या अलीकडे फणसाखाली थांबलो, इंजिन दहा मिनिटं नुसतं आयडलला ठेवलं, तोपर्यंत हँगर आणि ब्रॅकेट हाताने हलवून बघितले, मग लो टाकून सावकाश उतरलो.